डावीकडचं बटन

आसेगावजवळ, ३ फेब्रुवारी २०२५

चि. राजपाल,

पत्र लिहायला सहा वर्षं उशीर झाला, त्याची माफी बापाने मुलाकडे कशी मागावी ते मला माहीत नाही. चौथीच्या पुस्तकात वडिलांना, मित्राला आणि हेडमास्तरांना पत्र कसं लिहायचं ते होतं. रुसून गेलेल्या मुलाला कसं लिहायचं ते नव्हतं, आणि चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही. तुझा पत्ता तू आईच्या औषधाचं पार्सल पाठवलं होतंस त्याच्या खोक्यावरून उतरवला. पिनकोडाचा शेवटचा आकडा पुसला आहे. चार असेल किंवा नऊ. मी नऊ लिहिला. चुकला असेल तर हे पत्र भलत्याच्या हाती पडेल आणि मला ते कळणारही नाही.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. घरात फोन एकच, तो अंजूचा. आलेला निरोप तो मोठ्याने बोलून दाखवतो. म्हणून कागद. कागद तिच्यापुढे ठेवला तरी तो काही बोलत नाही.

कामाचं लिहितो. जिल्ह्याच्या एका सरकारी कार्यालयात भरती निघाली. त्यात एक जागा दृष्टिहीनांसाठी आहे. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि टंकून घ्यायच्या. काम जसं काही अंजूसाठीच काढलं. तू गेल्यावर तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, हे तुला माहीत नसेल. फोनवर ऐकत ऐकत केलं. टंकलेखनाची परीक्षाही दिली. अशी जागा दहा वर्षांनी निघाली म्हणतात. अंजू चौतीसची आहे, पुढच्या वेळी चव्वेचाळीसची असेल. अर्जाची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी, आणि अर्ज फक्त वेबसाइटवर.

मुन्नाच्या सेतू केंद्रावर जाऊ म्हटलं तर ती म्हणाली, "मागच्या वेळी मुन्नाभाऊनं माझी जन्मतारीखच बदलून टाकली होती. माझा अर्ज मीच भरीन."

काल रविवारी पाण्याच्या टाकीपाशी बसलो, तिथे रेंज येते. राजपाल, मी काय काय पाहिलं ते सांगतो. पानाच्या वरच्या भागात पाच साहेबांचे फोटो फिरत राहतात. अंजूचा फोन त्यांना "प्रतिमा, प्रतिमा, प्रतिमा" म्हणतो आणि पुढे सरकत नाही. ते फोटो ओलांडून जायला तिला दहा मिनिटं लागली. मग जाहिरात. दृष्टिहीनांच्या जागेची जाहिरात म्हणजे कागदाचा काढलेला फोटो, त्यावर आडवा शिक्का. फोन मुका. मी वाचून दाखवली, चष्मा लावून, तासभर. ज्यांच्यासाठी जागा काढली त्यांनाच वाचता येऊ नये अशी जाहिरात करणाऱ्याच्या तोंडात अन्न कसं जातं?

मग ती वाकडी अक्षरं. तुम्ही माणूस आहात की यंत्र ते सिद्ध करा म्हणे. शेजारी कान काढलेला आहे, तो दाबला की ऐकू यायला पाहिजे. दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. नुसतं चित्र काढून ठेवलं आहे कानाचं.

"बाबा, तुमी सांगा कोनती अक्षरं हायेत."

"येक डब्लू हाय. मंग काठी हाय."

"काठी म्हंजे? आय का एल? मोठा का लहान?"

"काठी म्हंजे काठी, बाई!"

तीन वेळा चुकलं. तिसऱ्या चुकीला तिने अर्ध्या तासात भरलेलं सगळं पुसून गेलं, नाव, गाव, गुण, सगळं. पुन्हा पहिल्यापासून. ती चिडली नाही. मीच चिडलो.

चार वाजता कसाबसा अर्ज भरून झाला आणि शेवटच्या क्षणी साइटने तो गिळला. आता नवीन भरायला गेलं की एका आधारवर एकच अर्ज म्हणते.

त्याआधी एक गोष्ट झाली. अंजूची सवय तुला ठाऊक आहे, पान तळापर्यंत ऐकल्याशिवाय ती पुढे जात नाही. शेवटच्या ओळीत साइट बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. तिने ते दोनदा ऐकलं.

"बाबा, हे त दादाची कंपनी हाय."

एवढंच म्हणाली. मी खोक्यावरचा शिक्का आठवला. तेच नाव. ज्या पोरीचं बोट धरून तू तिला शाळेच्या गाडीपर्यंत नेत होतास, तिच्या तोंडावर हे दार तुम्ही लोटलंत. मला तुझी शिसारी आली, खोटं कशाला लिहू?

अर्ज परत उघडून दे. एवढंच मागणं आहे. अंजूला मी पत्र लिहिल्याचं सांगू नको.

शालिग्राम


११ फेब्रुवारी

चि. राजपाल,

उत्तर नाही. पिनकोड चुकला असेल म्हणून हे पत्र चार टाकून पाठवतो. दोन्ही पोचली तर हसू नको.

काल अंजूला घेऊन एस.टी.ने वाशीमला त्या कार्यालयात गेलो. पायऱ्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला आहे आणि त्यावर कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली उभ्या. आत रविकांत नावाचे बाबू. चांगले गोरेगोमटे, तोंडात तंबाखूचा खर्रा.

"बाबाजी, आपली साइट एकदम दिव्यांगांसाठी सोपी केलेली हाय," ते म्हणाले. "ते पाहा, सर्टिफिकेट." भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलं आहे, वर प्लास्टिकचा हार. पाहा असं ते अंजूला म्हणाले.

"मले फोनवर दोन बटनं नुसते बटन-बटन म्हणून ऐकू येतात, साहेब," अंजू म्हणाली. "कोनतं कायचं, ते सांगतच नाई."

"कोपऱ्यात चिन्ह हाय ना खुर्चीचं, ते दाबा. अक्षर मोठं होते."

"साहेब, अक्षर बैलगाडीएवढं करा, मले काय?"

रांगेतले लोक हसले. बाबूही हसले, लाज म्हणून नाही. मग त्यांनी संगणकात पाहिलं.

"पन तुमचा अर्ज कोनी गिळला नाई. तुमीच मागं घेतला. दोन तारखेले, चार वाजून दहा मिनिटांनी. दोन बटनं असतात, येक पाठवायचं, येक मागं घ्यायचं. मागं घ्यायचं दाबल्या गेलं."

अंजू म्हणाली, "माझ्याच हातानं दाबल्या गेलं."

"घरी कोनी डोळस नाई काय?"

"हायेत ना. त्याचाच त घोटाळा हाय."

बाबूंना ते कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही. म्हणाले, तक्रार करायची तर साइटवर तक्रारीचं पान आहे. अंजूने तिथेच उघडलं. त्या पानावरही वाकडी अक्षरं आणि मुका कान. म्हणजे दार उघडत नाही ही तक्रार दाराच्या आत येऊन करायची. मी बाबूंना म्हणालो, तुम्ही कधी डोळे मिटून हे उघडून पाहिलं का? ते म्हणाले, "मी काहून डोळे मिटू, बाबाजी? ड्युटीवर हावो."

शेवटी म्हणाले, "मागं घेतलेला अर्ज कंपनीच उघडू शकते. आमी इथून लिहितो, पन त्याले दोन महिने जातीन. कंपनी पुन्याची हाय. तुमची कोनी वळख असन तिथं त पाहा."

ओळख! आम्ही दोघं बापलेक तिथे उभे होतो, आणि दोघांच्याही तोंडातून तुझं नाव निघालं नाही.

परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली. ऊन तोंडावर घेत होती. मी म्हटलं, चूक झाली त झाली, माय. ती म्हणाली, "व्हय." तर राजपाल, झालं असं आहे. अंजूने चुकीचं बटन दाबलं. न दिसणाऱ्या माणसाचं असंच व्हायचं. पण त्या बटनांना नाव न देणारे तुम्हीच ना? सतरा दिवस उरले. काही कर. मला रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही, आणि अंजू मात्र नेहमीसारखी भाकर टाकते.

शालिग्राम


१९ फेब्रुवारी

राजपाल,

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टमनची सायकल अंजूने माझ्याआधी ऐकली. "कोनाचा कागद हाय, बाबा?" मी म्हटलं, मतदार यादीचा. हरभऱ्याच्या गंजीमागे जाऊन वाचला.

पाच ओळी. त्यातल्या दोन कामाच्या. बटनांची चित्रं कार्यालयाने दिली, तुम्ही लावली. आंधळ्या माणसाकडून साइट वापरून पाहायचं काम करारात नव्हतं. सर्टिफिकेटसाठी यादी होती, तिच्यावर तुम्ही खुणा केल्या. आणि ती यादी तपासून सही करणारा तूच होतास. हे तू स्वतः लिहिलंस म्हणून बरं वाटलं, आणि वाचून तोंड कडू झालं. करारात नव्हतं! लहानपणी तू घरातल्या प्रत्येक डब्याला वेगवेगळी दोरी बांधली होतीस. मिठाला सुतळी, साखरेला लोकर, तिखटाला तार, अंजूने हाताने ओळखावं म्हणून. तेव्हा कोणता करार होता? त्या दोऱ्या अजून आहेत. सुतळी दोनदा बदलली.

पण उरलेल्या तीन ओळींनी माझं तोंड बंद केलं. तू लिहितोस, "अंजूला माझ्याशी बोलायचं नाही, मग पत्र तुम्ही का लिहिता? मी तिची पुण्याला संगणकाच्या वर्गात सोय केली होती. ती का आली नाही ते आधी तिला विचारा."

तिला काय विचारू? मला माहीत आहे.

हे पान मी तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहितो, फाडायच्या आधी पाकिटात घालतो.

आधी बटनाचं. त्या दिवशी टाकीपाशी अंजूने मला विचारलं, "बाबा, दोन बटनं हायेत. त्यावर काय लिहिलं हाय?" त्यावर मराठीत काही लिहिलेलं नव्हतंच. एकावर बाण होता आणि एकावर वळलेला बाण, खाली बारीक इंग्रजी. मला ते वाचता आलं नाही. नाही येत म्हणायला जीभ वळली नाही. तासभर जाहिरात वाचून दाखवली होती, तिने दोनदा म्हटलं होतं, बाबा तुमी होते म्हणून झालं. तेवढ्याने माझी छाती फुगली होती. मी म्हटलं, "डावीकडचं दाब." तिने दाबलं.

म्हणजे अर्ज साइटने गिळला नाही आणि अंजूनेही चुकवला नाही. मी चुकवला. कार्यालयात तिने स्वतःवर घेतलं आणि मी शेजारी उभा राहून घेऊ दिलं, आणि घरी येऊन तुला तसंच लिहिलं. त्या बाबूला मी मनात काय काय शिव्या घातल्या! तो निदान ड्युटीवर होता.

आता पुण्याचं. अंजूने नाही म्हटलंच नव्हतं. तुझा निरोप मी तिला सांगितलाच वेगळा. तुला सांगितलं, अंजू येत नाही म्हणते. तिला सांगितलं, निता सूनबाई नको म्हणते, आंधळी नणंद घरात नको म्हणते. बिचाऱ्या नितेने असं काही म्हटलं नव्हतं, तिने तर कपाट रिकामं केलं होतं म्हणे. तू रागाने गेलास, अंजू रागाने बसली, आणि मी दोघांच्या मध्ये बसून भाकर खाल्ली. तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते. मला वाटलं, ही गेली तर चुलीपाशी कोण? एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर लिहिलं असतं.

लोकांना मी सांगायचो, मी आहे म्हणून पोरीचं चाललंय. तिचे डोळे मी आहे. रविकांत बाबूंनी विचारलं ना, घरी कोणी डोळस नाही का, तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. त्या साइटवाल्यांना जे वाटतं तेच मला सहा वर्षं वाटत आलं, की बाजूला कोणीतरी बसलेलाच असणार, तो सांगेल ते ती दाबेल. फरक एवढाच, की त्यांना तिचं नाव माहीत नाही.

मला माझीच किळस येते. तरी अंजूला सांगायची हिंमत होत नाही. तू सांगू नको. अर्ज तेवढा उघड.

शालिग्राम


२३ फेब्रुवारी, रविवार

राजपाल,

हे पत्र कागदावर नाही. मी बोलतो आहे आणि अंजू टंकते आहे. म्हणते, "बाबा, हळू बोला, मी काई मशीन नोहो." पण ती माझ्या पुढेच आहे, मी वाक्य संपवायच्या आत तिचं टंकून होतं.

काल काय झालं ते सांगतो. माझ्या प्रत्येक पत्राचा कच्चा खर्डा मी पेन्सिलीने वहीत लिहितो, ते तुला माहीत नसेल. काल दुपारी अंजू तूर पाखडत बसली होती. मी वही घेऊन समोर बसलो आणि म्हटलं, तुले काई वाचून दाखवतो. पहिल्यापासून वाचलं. तिसरं पत्र वाचताना दोनदा थांबलो. तिने सूप खाली ठेवलं नाही, पाखडत राहिली. पण सूप केव्हाच रिकामं झालं होतं.

सगळं संपल्यावर म्हणाली, "बटनाचं मले त्याच दिवशी माहीत झालं होतं. फोनवर मेसेज आला, अर्ज मागं घेतला म्हणून. कानातच वाचला."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी कवा बोलता ते पायत होती."

मग म्हणाली, "पुन्याचं मले माहीत नोहतं."

सूप ठेवलं, हात झटकले, काठी घेतली आणि टाकीकडे निघून गेली. मी मागे जायला उठलो तर वळून म्हणाली, "बसा. मले रस्ता ठाऊक हाय." कालपासून भाकर केली नाही. मी केली. जळली. तिने खाल्ली नाही, मी खाल्ली. ती टंकताना इथे थांबली आहे, पण पुसत नाही. मीच म्हटलं होतं, एक अक्षर पुसायचं नाही.

आज सकाळी स्वतःहून आली आणि म्हणाली, "लिहा दादाले. नाई, बोला. मी लिहीन. कागद पोचेपर्यंत अठ्ठावीस तारीख येऊन जाईन." तुझा नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्यापासून होता. सहा वर्षांत तिने लावला नाही, आणि न लावण्याचं कारण मी तिला दिलेलं होतं.

तिचं म्हणणं असं आहे, ते मी तिच्याच शब्दांत टंकायला सांगतो:

दादा, माझा अर्ज वळखीनं उघडू नको. तुमच्या साइटचं चुकलं, ते लिहून घे आन् म्हनून उघड. बटनाले नाव दे. आवाजाच्या चिन्हात आवाज टाक. जाहिरातीचा फोटो काढ, अक्षरं टाक. येवढं झालं की माझा अर्ज मीच भरीन, बाबा टाकीपाशी नाई बसतीन. माझ्यासारखे आनखी कितीजन त्याच बटनावर अडून बसले असतीन, त्याईच्या घरी पत्र लिहिनारं कोनी नाई. निता वैनीले सांगजो, मी तिच्यावर सहा वर्सं उगाच राग धरला. तिच्याशी मी बोलीन. बाबांशी कवा बोलीन ते आताच नाई सांगत.

ती बोलली, तिनेच लिहिलं. आता माझं शेवटचं.

जागा तिला मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळाली तर ती वाशीमला खोली करून राहणार, हे तिने आत्ता, टंकता टंकता सांगितलं. मी राहा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते सांगणारा मी कोण?

पाच दिवस उरले आहेत. दोन शब्द लवकर कळव, राजपाल, आजच कळव. कागदावर नको पाठवू, आणि माझ्या नावाने नको. अंजूच्या फोनवर पाठव. ती आधी ऐकेल. मग तिला वाटलं तर मला सांगेल. तोवर मी ओट्यावर बसतो.

शालिग्राम